रविवारी निसटणारा ॲडाप्टर

माझ्या भावाच्या जुन्या लॅपटॉपच्या कडेला नखाएवढा एक काळा तुकडा खोचायचा असतो. लॅपटॉपमधलं मूळचं वायफाय भाऊ कॉलेजात असतानाच बिघडलं, म्हणून त्यानं हा बाहेरून लावायचा ॲडाप्टर आणला होता. त्याला बारीकसा निळा दिवा आहे. तो लुकलुकायला लागला की आमच्या सुरतेतल्या बमरोलीच्या खोलीत भाऊ येतो आणि विझला की जातो. एरवी तो पोर्तुगालमध्ये असतो, कापड रंगवण्याच्या कारखान्यात. हेच काम तो इथं जवळच पांडेसऱ्यात शिकला आणि हेच काम त्याला पांडेसऱ्यात मिळत होतं, असं मी अजूनही भांडी घासताना म्हणते. त्याच्या तोंडावर मात्र मी कधी ‘परत ये’ म्हटलेलं नाही. त्याला विचारते ते थंडी किती आहे, भाजी काय केलीस, स्वेटर धुतलास का.

घरात आम्ही दोघंच, मी आणि आमचे वडील. त्यांना आम्ही आबा म्हणतो. माय गेली त्याला बरीच वर्षं झाली. मी महापालिकेच्या मराठी शाळेत शिकवते. लग्न केलं नाही. का केलं नाही ते गल्लीतल्या बायकांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, तेव्हा ते त्यांनाच विचारावं.

आबांना ऐकू येत नाही. धुळ्याकडून सुरतेला आले तेव्हा कान चांगले होते. नंतर सगळी उमर खात्यात गेली. यंत्रमागांच्या कारखान्याला आमच्याकडे खातं म्हणतात. खात्यात इतका खडखडाट असतो की ओरडून काही उपयोग नसतो, म्हणून तिथं कुणी ओरडतही नाही. कारीगर एकमेकांशी ओठांनी बोलतात. आवाज काढायचा नाही, फक्त शब्द तोंडात नीट घडवायचा, म्हणजे चार माग पलीकडच्या माणसाला तो वाचता येतो. जोडीला हाताच्या खुणा असतात. मी आणि भाऊ लहानपणी आबांचा डबा घेऊन जायचो आणि तिथंच उभ्या उभ्या ही भाषा शिकलो. पुढं आबांचे कान हळूहळू गेले तेव्हा घरात फारसं काही बिघडलं नाही. आम्ही आवाज बंद केला आणि ओठांनी बोलायला लागलो. मी मध्ये एकदा त्यांना कानात घालायचं यंत्र आणून दिलं होतं. त्यांनी ते दुपारभर घातलं आणि काढून माझ्या हातात दिलं.

“यामा बी खातंज वाजस,” म्हणाले. यातही कारखानाच वाजतो. मग मी ते यंत्र कपाटात टाकलं.

म्हणून लॅपटॉप. फोनवर भावाचा चेहरा दिसतो, पण ओठ तांदळाच्या दाण्याएवढे होतात आणि आबांची नजर आता तेवढी राहिली नाही. लॅपटॉपवर तो मोठा दिसतो. तो तिकडे आवाज न काढता अहिराणीत तोंड भरून बोलतो आणि आबा इकडे ते वाचतात. त्याच्या बरोबर राहणारा एक केरळी मुलगा पहिल्यांदा ते बघून घाबरला होता, असं भावानं सांगितलं. आबांना जगात नीट बोलता येईल अशी आता दोनच माणसं उरली आहेत. त्यातली एक मी, आणि मी रोजचीच. त्यामुळं रविवारची दुपार हीच आबांची खरी बोलण्याची वेळ.

रविवारी ते सकाळीच दाढी करतात. इस्त्रीचा शर्ट घालतात, वरचं बटण लावतात. भाऊ तिकडे नुकताच उठलेला असतो, केस उभे, मागं खिडकीत पावसाळी उजेड. आबांचा पहिला प्रश्न कायम एकच असतो, “जेवना का?” आणि तो बिचारा रिकाम्या पोटी सांगतो, “जेवनू.” मग गावाकडच्या गप्पा, कोणाचा कापूस कसा आला, खात्यात आता नवीन माग कसले आलेत. मी थोडा वेळ बसते. शेवटाकडे आलं की चहाच्या निमित्तानं स्वयंपाकाच्या ओट्याकडं जाते. निरोप घेणं मला जमत नाही. विमानतळावरसुद्धा मी रिक्षातच बसून राहिले होते.

त्यांचा निरोप कसा असतो ते मला माहीत होतं, बघत नसले तरी. खात्यात पाळी बदलताना जाणारा कारीगर असाच उठून जात नाही. येणारा त्याच्यासमोर उभा राहून तळहात दाखवतो. याचा अर्थ, जा, आता मी बघतो. तळहात दिसेपर्यंत चालू मागापुढून हलायचं नाही. भाऊ बोलणं संपवताना आबांना तसाच तळहात दाखवतो. आबांनी त्याला लहानपणी ते गंमत म्हणून शिकवलं होतं.

बिघाड सुरू झाला तो असा. मी ओट्यापाशी असायची आणि लॅपटॉपमधून दोन सुरांचा आवाज यायचा. पहिला वरचा, दुसरा खालचा. काहीतरी लावलं की खालून वर जाणारा आवाज येतो आणि निघालं की वरून खाली येणारा, एवढं मला माहीत होतं. म्हणजे ॲडाप्टर निसटला. पाठोपाठ भावाचा माझ्या फोनवर मेसेज यायचा, “ताई, परत नेट गेलं. शेवटीच कसं जातं?” मी बाहेर येऊन बघायची तर आबा स्वस्थ बसलेले. ॲडाप्टर मायच्या कुंकवाच्या रिकाम्या डबीत ठेवून झाकण लावत असायचे. नेट गेल्यावर ते तो काढून ठेवतात, असं मी धरून चालले. काम झालं की वस्तू जागेवर, हा त्यांचा खात्यातला दंडक.

“लॅपटॉप बंद करून मग काढत जा,” मी सांगायची.

“हां,” ते म्हणायचे. आबांचं ‘हां’ म्हणजे मान्य केलं असं नसतं, एवढं मला समजायला हवं होतं.

पुढच्या रविवारी ॲडाप्टर लावला की कधी चालायचा, कधी नाही. दिवा लागायचा आणि लॅपटॉप म्हणायचा, हे काय लावलंय ते मला ओळखता येत नाही. मी भावाला विचारत विचारत डिव्हाइस मॅनेजर नावाच्या यादीपर्यंत पोचले. तिथं ॲडाप्टरच्या नावावर पिवळा त्रिकोण बसलेला असायचा. भावानं समजावलं की बिघाड ॲडाप्टरचा नसून ड्रायव्हरचा आहे. ड्रायव्हर म्हणजे ॲडाप्टर आणि लॅपटॉप यांच्यामधला दुभाषी. बँकेत आबा आणि काउंटरवरची मुलगी यांच्यामध्ये मी असते तसा. मी निघून गेले तर दोघं एकमेकांकडे नुसते बघत बसतील.

मग मी त्या कामाला लागले आणि लागले म्हणजे हट्टाला पेटले. डोकं माझं लवकर तापतं हे माझे विद्यार्थीही सांगतील. ड्रायव्हर काढून टाकायचा, ॲडाप्टर उपसायचा, लॅपटॉप बंद करून चालू करायचा, ॲडाप्टर परत लावायचा आणि लॅपटॉपला सांगायचं की बघ बाबा, नवीन कोण आलंय. बऱ्याचदा तेवढ्यानं भागायचं. डाव्या बाजूच्या खाचेत ओळखत नाही आणि उजव्या बाजूच्या खाचेत ओळखतो, असाही प्रकार व्हायचा. भाऊ म्हणाला की प्रत्येक खाचेसाठी तो वेगळी ओळख ठेवतो, म्हणून एकच खाच धर. मी उजवी धरली, भिंतीकडची.

पण शेवटी निसटणं काही थांबेना. मी नीट विचार केला. सुरुवातीला चांगला चालतो, तासभर बोलणं होतं आणि शेवटाला जातो. हात लावला तर गरम लागतो. म्हणजे तापतो आणि झोपी जातो. मला हे कारण इतकं पटलं की मी शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईंनाही ते सांगून टाकलं. ॲडाप्टरला हवा लागावी म्हणून हातभर लांबीची जोडवायर आणली, तो लॅपटॉपपासून लांब मोकळ्यावर ठेवला, त्याच्यावर टेबलफॅन सोडला. वीज वाचवण्यासाठी लॅपटॉप त्याला परस्पर बंद करतो, ती खूणही सेटिंगमधून काढली. फॅनच्या वाऱ्यानं आबांच्या शर्टाची कॉलर फडफडत होती आणि भाऊ तिकडून विचारत होता, आबा गच्चीवर बसलेत का.

त्या रविवारीही ओट्यापाशी मला ते दोन सूर ऐकू आले, वरून खाली.

आणि त्याच्या पुढच्या रविवारी सगळंच संपलं. ॲडाप्टर लावला तर यादीत त्याचं नावच नाही. ड्रायव्हर परत टाकावा तर तो इंटरनेटवरून उतरवायचा, आणि इंटरनेट यायला ॲडाप्टर हवा. मी फोनचं नेट वायरीनं लॅपटॉपला द्यायला गेले, तर घरातली वायर नुसती चार्जिंगची निघाली. चार्जिंगचं चिन्ह दिसत होतं, पलीकडे काहीच जात नव्हतं. बाजारपेठेतलं कॉम्प्युटरचं दुकान रविवारी बंद. वेळ झाली होती. आबा इस्त्रीचा शर्ट घालून काळ्या पडद्यासमोर बसले होते.

मी फोनवर भावाला लावलं आणि फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, चष्मा काढला, परत घातला. भाऊ तिकडे पुन्हा पुन्हा काहीतरी सांगत होता. आबा मान हलवत राहिले, पण मला दिसत होतं की त्यांना एक शब्द वाचता येत नाहीये. समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून आपण हलवतो तशी ती मान होती. थोड्या वेळानं त्यांनी फोन माझ्याकडे दिला.

“तू सांग त्याले,” म्हणाले. काय सांगू ते नाही सांगितलं. मग त्यांनी शर्ट काढून खुंटीला लावला आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. मला त्या नखाएवढ्या तुकड्याचा असा राग आला की तो उचलून गल्लीत फेकावा असं वाटलं.

सोमवारी शाळा सुटल्यावर मी लॅपटॉप घेऊन दुकानात गेले. दुकानदारानं ॲडाप्टर लावून बघितला आणि विचारलं, “बेन, आने चालु कामे खेंची काढो छो?” चालू कामात उपसून काढता का? मी म्हटलं, मुळीच नाही, तो आपोआप निसटतो. त्यानं माझ्याकडे एकदा बघितलं आणि लॅपटॉप आपल्याकडे वळवला. गिऱ्हाइकाशी वाद घालायचा नाही, हे सुरतेत लहानपणीच शिकतात. त्यानं जुने ड्रायव्हर मुळापासून काढले, नवा टाकला, त्याची एक प्रत लॅपटॉपमध्येच ठेवून दिली म्हणजे पुढच्या वेळी इंटरनेट लागायला नको. मी एक चांगली वायरही घेतली.

पुढच्या रविवारी जोडवायर न लावता ॲडाप्टर थेट उजव्या खाचेत खोचला आणि निळा दिवा लागला. आबांनी दाढी करताना हनुवटीला कापून घेतलं होतं, तिथं कागदाचा तुकडा चिकटवून ते बसले होते. दोन आठवड्यांचं बोलणं साचलेलं, ते काही संपेना. भाऊ सांगत होता की त्याचं काम अजून दोन वर्षं वाढलंय. हे तो मला फोनवर आधी बोलला होता. आबांना त्यानं ते हळूहळू, ओठ नीट मिटत उघडत सांगितलं. आबा म्हणाले, “बरं शे.” मी उठले.

ओट्यापाशी गेले आणि बघते तर दूध नासलेलं. सकाळी तापवायचं राहून गेलं होतं. पिशवी आणायला खाली जायला हवं म्हणून मी चपला घालायला परत खोलीच्या दाराशी आले. आबांची माझ्याकडे पाठ होती. त्यांना चपलांचा आवाज येण्याचा प्रश्नच नव्हता.

पडद्यावर भावानं तळहात वर केला होता. जा, आता मी बघतो. त्याचा दुसरा हात बोलणं बंद करायच्या लाल बटणाकडे निघालेला दिसला. आणि तो तिथं पोचायच्या आत आबांचा हात भिंतीकडच्या बाजूला गेला, सरावानं, न बघता, आणि त्यांनी ॲडाप्टर उपसला. वरून खाली येणारे ते दोन सूर वाजले. ते फक्त मला ऐकू आले.

भाऊ पडद्यावर थांबला. तोंड अर्धवट उघडं, केस उभे, तळहात समोर. त्याच्या कपाळाजवळ एक गोल चाक फिरत होतं आणि खाली लिहून आलं होतं की परत जोडण्याचा प्रयत्न चालू आहे. आबा पुढं सरकले. त्यांनी चष्मा वर केला आणि त्याच्याकडे बघत बसले. मध्येच त्यांनी आपला तळहात उचलला आणि पडद्यावरच्या तळहातासमोर धरला, टेकवला नाही. मग चाक थांबलं आणि पडदा काळा झाला. आबांनी डबीचं झाकण उघडलं.

तेव्हा त्यांना मी दिसले. चोरी पकडल्यासारखं काही त्यांच्या तोंडावर नव्हतं. आपण एखाद्याला साधी गोष्ट समजावतो तसं त्यांनी सांगितलं.

“त्यानी बंद करं का लगेज जास तो. हाई काढी लिधं का थोडा येळ बठी ऱ्हास.”

त्यानं बंद केलं की तो लगेच जातो, आणि हे काढून घेतलं की थोडा वेळ बसून राहतो. महिनोन् महिने मी ज्याच्यावर फॅन सोडत होते, ज्याच्यासाठी वायरी आणत होते, तो बिघाड एवढाच होता. मला रागावायचं होतं. मी तोंड उघडलंही, पण आबा माझे ओठ वाचायला थांबले होते, आणि तसं कुणी थांबलेलं असताना रागावणं फार अवघड असतं. मी म्हटलं, दूध आणते.

जिन्यात मी बराच वेळ उभी राहिले. खालच्या खात्यात माग चालू होते, पायरी थरथरत होती. मला भावाची फार आठवण आली. आत्ताच तर बोललो होतो आम्ही.

त्या आठवड्यात मी एक गोष्ट शोधून काढली. लॅपटॉपच्या वरच्या ओळीत विमानाचं चित्र असलेलं एक बटण आहे. ते दाबलं की ॲडाप्टर जागेवरच राहतो, ड्रायव्हरला धक्का लागत नाही, फक्त नेट तुटतं. समोरचा माणूस तसाच थांबतो. मी त्या बटणावर मायच्या डबीच्या कडेला चिकटून राहिलेल्या कुंकवाचा ठिपका लावला आणि आबांना दाखवलं. त्यांनी दोनदा करून बघितलं आणि मान डोलावली. त्यानंतर पिवळा त्रिकोण आमच्याकडे आला नाही. ॲडाप्टर आता डबीत जात नाही, खाचेतच असतो.

भावाला हे सांगावं की नाही, याचा मी विचार करत राहिले. शेवटी लिहिलं. म्हटलं, नेट आपोआप जात नाही, आबा घालवतात, आणि का ते असं असं आहे. त्याचं उत्तर लवकर आलं नाही. दुसऱ्या दिवशी शाळेच्या मधल्या सुट्टीत आलं. “ताई, मला वाटलंच होतं. माझ्याकडे पण आबा थांबलेले असतात ना. मी पण लगेच बंद करत नाही.”

मी फोन पर्समध्ये टाकला आणि वर्गावर गेले. त्या तासाला मी मुलांना काय शिकवलं ते मला आठवत नाही.

मागच्या महिन्यात आबा गावी गेले, चुलतभावाच्या नातीच्या लग्नाला. रविवारी मी एकटीच होते. मी केस नीट विंचरले, साडी बदलली, हे का केलं ते मला कळलं नाही. भाऊ आला. आम्ही आवाज काढून बोललो, कारण ओठ वाचायला आबा नव्हते. थंडी किती, भाजी काय, स्वेटर. तो सांगत होता की आता तिकडे लवकर अंधार होतो. मग बोलणं संपत आलं आणि नेहमीप्रमाणं माझे पाय उठायला लागले. पण चहा कुणासाठी करणार होते? मी बसून राहिले.

“चल ताई,” तो म्हणाला आणि सवयीनं तळहात दाखवला.

माझं बोट कुंकवाच्या ठिपक्यावर होतं. कधी गेलं ते मला समजलं नाही. मी दाबलं आणि तो थांबला. डोळे अर्धे मिटलेले, हात समोर, मागं खिडकीत तो पावसाळी उजेड. चाक फिरायला लागलं. आता त्याला माझं काही ऐकू जाणार नव्हतं, काही दिसणार नव्हतं. मी पुढं सरकले आणि खात्यात बोलतात तसं, आवाज न काढता, एकेक शब्द तोंडात नीट घडवून त्याला म्हटलं, घर ये ना रे भाऊ.